कुंकवाची रेघ

रंगनाथ पगारच्या आडनावावर हँगरात जेवढे विनोद झाले, तेवढे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आले नसतील. एक तारीख आली की कोणीतरी मोठ्यानं विचारायचं, "पगार आला का?" आणि रंगनाथ डबा टेबलावर ठेवत म्हणायचा, "आला, आला. हात लावून बघा." कळवणकडे पगारांची घरं गावोगाव आहेत, तिथं या आडनावाला कोणी हसत नाही. नाशिकला आल्यावर मात्र त्याला कळलं की आपण जन्मभरासाठी लोकांच्या करमणुकीची सोय करून आलो आहोत. अठ्ठावन्नाव्या वर्षीही त्याला त्याचा राग येत नसे. राग यायचा तो एकाच गोष्टीचा. कोणी पंख्याच्या पात्यावर हात टेकून गप्पा मारत उभं राहिलं की त्याचं डोकं फिरायचं.

पंखा म्हणजे विमानाच्या नाकावरचा. पुस्तकात त्याला प्रोपेलर म्हणतात, हँगरात सगळे पंखाच म्हणतात. दिंडोरीच्या अंगाला, द्राक्षबागांच्या मधोमध, विमान चालवायला शिकवणारी एक शाळा आहे. एक धावपट्टी, एक हँगर आणि सहा छोटी विमानं. एकेका विमानाला एक पंखा, एकेका पंख्याला दोन पाती. ही बारा पाती तपासायची, त्यांची झीज मोजायची, खाचा घासून काढायच्या आणि विमान उडायला योग्य आहे म्हणून शिक्का मारायचा, हे रंगनाथचं काम. तरुणपणी ओझरच्या विमान कारखान्यात उमेदवारी केली, मग दोन-तीन ठिकाणची धूळ खाल्ली आणि गेली चौदा वर्षं तो इथं होता.

बघणाऱ्याला वाटतं, एवढं जाडजूड धातूचं पातं, त्याला काय होणार? पण धावपट्टीवरचा एखादा खडा उडतो, पात्याच्या धारेवर आपटतो आणि बारीकशी खाच पडते. खाच वेळेवर घासून गुळगुळीत केली तर काही बिघडत नाही. तशीच राहिली तर तिच्या बुडातून चीर निघते, ती रोज केसभर पुढं सरकते, आणि एखाद्या दिवशी हवेतच पात्याचा तुकडा उडून जातो. मग उरलेला लंगडा पंखा इंजिनाला असे हिसके देतो की इंजिन जागेवरून निखळायला वेळ लागत नाही. नवीन आलेल्यांना रंगनाथ जास्त काही शिकवत बसायचा नाही. म्हणायचा, "चरा चालतो, खाच घासता येते. चीर दिसली की पातं गेलं. तिथं गयावया चालत नाही."

त्याची तपासणी बघण्यासारखी असायची. आधी किल्ली स्वतःच्या खिशात, चाकांना ठोकळे, आणि उभं राहायचं ते पंख्याच्या फिरण्याच्या वाटेत कधीच नाही. मग पातं फडक्यानं पुसायचं. मुळापासून टोकापर्यंत धारेवरून अंगठ्याचं नख असं सावकाश ओढायचं की आपणच श्वास रोखून धरावा. नखानंतर कापसाचा पुंजका. नखाला चुकलेली धातूची कूस कापसाचा तंतू धरून ठेवते. शेवटी तिरपी बॅटरी आणि गळ्यात दोरीनं अडकवलेलं भिंग. नाशिकमधल्या लोकांना गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाऊन जे समाधान मिळतं, ते याला बारा पाती बघून झाल्यावर मिळत असावं.

आता जे सांगायचं ते जरा अवघड आहे, कारण माणूस आपल्याला आवडतो.

मागच्याच्या मागच्या श्रावणापासून रंगनाथला नीट दिसत नव्हतं. दिव्याभोवती गोल कडी दिसायची, पेपरातल्या ओळी एकमेकांत मिसळायच्या. मोतीबिंदू आहे हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती, आईचा त्यानं जवळून पाहिला होता. तिचं, ठमाबाईंचं, ऑपरेशन तो लहान असताना झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं धुरात जायचं नाही, वाकायचं नाही. पण बाई कसल्या ऐकतात! तिसऱ्या दिवशी चुलीपुढं बसून भाकरी थापल्या, म्हशीला वैरण टाकली. डोळा पिकला आणि गेला तो गेलाच. पुढची वीस वर्षं ती बाई एका बाजूनं चाचपत घरात फिरत होती. तो डोळा रंगनाथच्या मनात घर करून बसला होता. डॉक्टर म्हटलं की त्याला आईची ती भिंतीवर फिरणारी बोटं दिसायची.

म्हणून त्यानं लपवलं. दरवर्षीच्या तपासणीत रांगेत पुढं उभा असलेला माणूस तक्त्यावरची अक्षरं वाचायचा, ती हा कान देऊन पाठ करायचा आणि खणखणीत म्हणून दाखवायचा. हँगरात त्यानं नखावर भिस्त ठेवली. नख काही फसवायचं नाही, असं त्यानं स्वतःला पटवलं होतं. आणि खाचेच्या बाबतीत ते खरंही होतं. पण चीर नखाला कळत नाही. ती इतकी बारीक आणि मिटलेली असते की वरून नख सरळ निघून जातं. ती डोळ्यांनीच बघावी लागते. हे रंगनाथला माहीत नव्हतं असं नाही. त्यानंच हे पंचवीस जणांना शिकवलं होतं.

या वर्षी अष्टमीला त्यानं दोन विमानांची मोठी तपासणी केली. विमानांच्या नावाचं शेवटचं अक्षर ज्या शब्दानं रेडिओवर सांगतात तेच इथं त्यांचं नाव. के अक्षराचं 'किलो', टी अक्षराचं 'टँगो'. धावपट्टीवरचे खडे झाडणाऱ्या लताबाई टँगोला 'टांगा' म्हणायच्या, आणि किलोबद्दल त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "एवढं धूड, अन् किलोच?" किलोच्या एका पात्याला टोकापासून दीड वितीवर खाच होती. रंगनाथनं ती कानशीनं घासली, पॉलिश पेपर फिरवला, नख ओढलं. नख लोण्यातून गेल्यासारखं गेलं. भिंगातून पाहिलं, बूड स्वच्छ वाटलं. त्यानं शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी एकेक चक्कर मारून विमानं हँगरात आली आणि धुऊनपुसून पूजेला उभी राहिली. पाने, ड्रिल, कानशी, झाडू, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. लताबाईंचा मान पंख्यांचा. गुळगुळीत धातूवर कोरडं कुंकू टिकत नाही, म्हणून त्यांनी खोबरेल तेलात कुंकू कालवलं आणि प्रत्येक पात्यावर पाच बोटं ओढली, वर झेंडूची माळ. दसऱ्याला सुट्टी होती. दोन दिवस कुंकू पात्यांवर तसंच राहिलं.

एकादशीला सकाळी पहिल्यांदा टँगो बाहेर काढलं. ते सविताला हवं होतं. सविता मनमाडची, वडील रेल्वेत गार्ड, आणि पोरगी आता एकटीनं विमान नेण्याइतकी तयार झालेली. उडण्याआधी पायलटनं पंखा स्वतः बघायचा असतो. तिनं बघितला, पुसला, आणि जाता जाता म्हणाली, "काका, तुमचा शिक्का आहे म्हटल्यावर मी काय वेगळं बघणार?"

"बघायचं. माझा शिक्का असला तरी बघायचं," रंगनाथ म्हणाला. ती हसली आणि उडून गेली. बाजूच्या बागेत छाटणी चालली होती, मजुरांनी माना वर करून पाहिलं आणि पुन्हा कात्र्या चालू केल्या.

लताबाई किलोची पाती पुसायला लागल्या. विमान हँगराच्या बाहेर, लख्ख उन्हात उभं होतं.

"भाऊ, हे कुंकू जाईना."

"साबण लावा."

"लावला की. पुसलं की जातंय, अन् परत येतंय. बघा तरी."

रंगनाथ गेला. लताबाईंनी फडकं फिरवलं, थोडा वेळ थांबल्या आणि बोट ठेवलं. "हे बघा. लाल रेघ."

रंगनाथनं पाहिलं. त्याला पातं दिसलं, लताबाईंचं बोट दिसलं. रेघ दिसली नाही.

"कुठंय?"

"हे काय, बोटाखाली. केवढी ठसठशीत हाय."

तो वाकला. भिंग लावलं. नाक पात्याला टेकेल इतका जवळ गेला, तेव्हा कुठं तांबूस धाग्यासारखं काहीतरी हललं. त्यानं नख ओढलं. नख सरळ निघून गेलं.

"भाऊ," लताबाई हळूच म्हणाल्या, "तुम्हाला दिसत नाय का?"

"उजेड कमी हाय," रंगनाथ म्हणाला. डोक्यावर ऊन तळपत होतं. लताबाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि फडकं खाली ठेवलं.

चीर शोधायची खात्रीची रीत अशीच असते. पात्यावर लाल पातळ रंग फवारायचा, तो चिरेत मुरू द्यायचा, वरचा पुसून टाकायचा, मग पांढरी भुकटी मारायची. चिरेत दडलेला रंग पांढऱ्यावर फुटून येतो. शंका आली की ही चाचणी करायची. रंगनाथला अष्टमीला शंका आली नव्हती, कारण शंका यायलाही आधी काहीतरी दिसावं लागतं. लताबाईंच्या तेलातल्या कुंकवानं दोन दिवस मुरून तेच काम करून ठेवलं होतं.

त्यानं वेदिकाला बोलावलं. वेदिका शाळेची इंजिनिअर, इंदिरानगरची, वयानं रंगनाथच्या निम्मी आणि कामाला चोख. तिनं लगेच रंग आणि भुकटी मागवली. पंधरा मिनिटांत पांढऱ्या भुकटीवर तांदळाच्या दाण्याएवढी लाल रेघ उमटली. खाच घासली होती त्याच्या बरोबर बुडात.

मग जे व्हायचं ते झालं. मुख्य प्रशिक्षक धनराज सर ऑफिसातून धावत आले, पोरं मोबाइल काढून फोटो घ्यायला लागली. "पूजेच्या कुंकवात चीर पकडली! पगार, कमाल केलीत!" म्हणत सरांनी त्याची पाठ थोपटली. कोणीतरी पेढे आणायला पिटाळलं गेलं. शाळेच्या ग्रुपवर रंगनाथचा फोटोही चढला, गळ्यात भिंग आणि चेहरा पडलेला. पोरांना वाटलं, काका लाजले.

वेदिका म्हणाली, "अष्टमीला नसणारच ही. नवमीच्या चकरेत पडली असेल. नाहीतर तुम्हाला दिसली असतीच ना, काका."

 चीर नवमीची नव्हती. घासलेल्या खळग्यात तिचं तोंड आधीपासूनच होतं, हे रंगनाथला तिच्या जागेवरूनच कळलं होतं. पण त्याला पळवाट दुसऱ्यानं आयती बांधून दिली होती, आणि खोटं कशाला बोलू, ती त्याला गोड वाटली. पातं सापडलं, कुणाला इजा झाली नाही. दिवाळीत चार दिवस गावाला जातो म्हणून सांगायचं आणि गुपचूप डोळे करून यायचे. कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. लताबाई बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. झाडू घेऊन त्या लांब उभ्या होत्या, आणि पेढा घ्यायलाही पुढं आल्या नाहीत.

तेवढ्यात डोक्यावरून आवाज गेला. टँगो बागांवरून वळसा घेऊन पुन्हा वर चढत होतं.

रंगनाथनं मान वर केली. त्याला आभाळ दिसलं आणि आभाळात एक ठिपका असेल असं वाटलं, एवढंच. त्या ठिपक्यात सविता एकटी होती. तिच्या नाकापुढं जी दोन पाती फिरत होती, ती त्यानं त्याच अष्टमीला, याच डोळ्यांनी तपासली होती. कुंकवाची पाच बोटं पडली तेवढीच जागा पुसताना कळली असती. बाकीच्या धारेचं काय? 

"सर," तो म्हणाला, "टँगो खाली बोलवा."

"का? काय झालं?"

"त्याची पाती मी बघितलीत."

धनराज सर हसले. "अहो, तुम्ही बघितलीत म्हणून तर ते वर आहे."

"मला दिसत नाही, सर."

हसणारे एकेक करून थांबले. रंगनाथ बोलत राहिला, कारण मध्ये थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही हे त्याला ठाऊक होतं. "सव्वा वर्ष झालं. मोतीबिंदू आहे दोन्हीकडं. किलोची चीर अष्टमीलाच होती, मला दिसली नाही. आज पण मला दिसली नाही. तक्त्यावरची अक्षरं मी पाठ करून म्हणतो. तुम्ही आधी तिला खाली घ्या, मग मला काय बोलायचं ते बोला."

धनराज सर पळतच रेडिओकडं गेले. सविताला घाबरवायचं नव्हतं, म्हणून शांत आवाजात सांगितलं, वेग कमी ठेव आणि सरळ उतरायला ये. तिनं ठीक आहे म्हटलं. उतरायला नऊ मिनिटं लागली. ती नऊ मिनिटं रंगनाथ धावपट्टीच्या कडेला उभा होता. डोळे असून नसल्यासारखे, म्हणून तो कानांनी विमान शोधत होता. शेजारच्या बागेतला फवारणीचा ब्लोअर मध्येच सुरू झाला आणि टँगोचा आवाज त्यात बुडाला, तेव्हा त्यानं लताबाईंचा हात धरला.

"येतंय, भाऊ," लताबाई म्हणाल्या. "दिसतंय मला. नीट येतंय. हे आलं खाली. टेकलं बघा."

वेदिकानं टँगोची पाती मुळापासून टोकापर्यंत लाल रंगानं भिजवली, पुसली, भुकटी मारली. सगळे भोवती उभे. सविता हेल्मेटसारखे मोठे हेडफोन हातात धरून एकेकाचं तोंड बघत होती. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. पांढरं ते पांढरंच राहिलं.

"काही नाही," वेदिका म्हणाली. "दोन्ही स्वच्छ आहेत."

रंगनाथ हँगराच्या पायरीवर बसला आणि सगळ्यांसमोर रडला. त्याला हायसं वाटलं होतं, आणि लाजही वाटत होती. पाती स्वच्छ निघाली हे नशीब होतं. त्यात त्याचं काम काहीच नव्हतं, हे त्याच्याइतकं तिथं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं.

वेदिका त्याच्यावर जे चिडली ते तिनं चिडायलाच हवं होतं. "सव्वा वर्ष, काका? माझ्या बाजूला बसून डबा खायचात, मला एकदा सांगता आलं नाही? मी काय तुम्हाला हाकलून दिलं असतं?"  तिनं हात पुढं केला. रंगनाथनं खिशातून शिक्का काढून तिच्या तळहातावर ठेवला. सहाही विमानं थांबवली. बाराही पाती नव्यानं तपासायची ठरली. पेढे तसेच टेबलावर राहिले, त्यांना कुणी हात लावला नाही.

दुपारी रंगनाथनं घरी फोन केला. बायकोला, वत्सलाबाईंना, त्यानं सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. 

"चहा कपाच्या बाहेर ओतता तुम्ही," वत्सलाबाई म्हणाल्या. "मला कळत नाही व्हय? मी वाट बघत होते, तुम्ही कधी म्हणताय याची."

"आईचा डोळा..."

"त्या चुलीपुढं बसल्या होत्या. तुम्हाला मी स्वयंपाकघरात पाऊल टाकू देणार नाही. सोमवारी जायचं."

संध्याकाळी वेदिका अहवाल लिहायला बसली. रंगनाथ समोर खुर्चीवर, लताबाई दारात. वेदिका मोठ्यानं वाचत लिहीत होती. विमान किलो, पातं दुसरं, टोकापासून दीड वीत, चीर.

"कारण?" तिनं विचारलं आणि पेन थांबवलं. "काय लिहू, काका? खडी लिहू?"

"खडीनं खाच पडली. चीर राहिली ती माझ्या डोळ्यांमुळं. तसं लिहा. तपासणाऱ्याला दिसत नव्हतं."

तिनं लिहिलं. "कोणाच्या लक्षात आलं? इथं तुमचंच नाव..."

"लताबाईंचं लिहा."

लताबाई दारातूनच म्हणाल्या, "नको गं बाई, माझं नाव कशाला त्यात? उद्या कोणी विचारायला आलं तर मी काय सांगू? मी आपली झाडणारी बाई."

"काय दिसलं ते सांगायचं," रंगनाथ म्हणाला. "दिसलं तुम्हाला. मला दिसलं नव्हतं."

वेदिकानं लताबाईंचं पूर्ण नाव विचारलं आणि ते स्वच्छ अक्षरात लिहिलं. मग कागद रंगनाथपुढं सरकवला आणि हातात पेन दिलं. खाली कुठंतरी सहीची जागा होती. पांढऱ्या कागदावर त्याला नुसता राखी धूसरपणा दिसत होता. सवयीनं पेन खाली गेलंच होतं. कागदाला टेकायच्या आत त्यानं हात थांबवला आणि मान वर केली.

"वेदिका," तो म्हणाला, "सही कुठं करू, दाखव जरा."